आई, मला उठवत जा!

ऑपरेशन म्हटलं की आपण तीनच गोष्टींचा विचार करतो : डॉक्टर, पैसे आणि रजा. आईचा डावा गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा मीही तेच केलं. विम्याचे कागद जमवले. केंद्र सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून खर्चाच्या अंदाजात सांध्याची किंमत वेगळी लिहून घेतली. पंधरा दिवसांची रजा टाकली आणि वाटलं, झाली तयारी!

पहिला धक्का भूलतज्ज्ञांच्या खोलीत बसला. ‘‘कोणती औषधं चालू आहेत?’’ त्यांनी विचारलं. ‘‘बीपीची नि साखरेची,’’ आई म्हणाली. घरी येऊन सहज स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं, तर चहाच्या डब्यामागे आणखी तीन पाकिटं! त्यातलं एक रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं, एक शेजारच्या काकूंनी दिलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांचं.

‘‘आई, हे सांगितलं का नाहीस?’’

‘‘अगं, एवढीशी तर गोळी ती! डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा?’’

दुसऱ्या दिवशी सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओतली. कोणती गोळी कधी थांबवायची, कोणती ऑपरेशनच्या दिवशीही घ्यायची, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. हा निर्णय आपण घरी घ्यायचा नसतो. किडलेली दाढ, लघवीची जळजळ, पायावरची लहानशी जखम हेही सांगावं लागतं, कारण शरीरातला जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो.

आईची तयारी मात्र वेगळीच चालली होती. तिने भाजणी दळून आणली, मेतकूट केलं, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘‘मी पडून राहिले तर तुमचे हाल नकोत.’’ ऑपरेशन तिचं, पण तयारी आमच्यासाठी!

मग मी आणि वहिनी घराकडे वळलो. पायपुसणी, सतरंज्या उचलल्या. टेबलफॅनची वायर भिंतीकडेने नेली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, कमोडवर उंच बैठक ठेवली. हातांची, टणक बैठकीची खुर्ची शेजाऱ्यांकडून मागून आणली. औषधं, पाणी, चष्मा हाताशी येईल अशा उंचीवर मांडलं.

ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी आई वॉकर धरून घरी आली आणि आम्ही निर्धास्त झालो. तिथेच चुकलं.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास धडपडल्याचा आवाज आला. धावत गेले, तर आई न्हाणीघराच्या दाराची चौकट घट्ट धरून उभी, थरथरत होती. वॉकर पलंगापाशीच. पायाखाली पायपुसणं. संध्याकाळी लादी पुसल्यावर सवयीने मीच ते परत टाकलं होतं! चौकट हाताला लागली म्हणून ती पडली नाही, एवढंच.

‘‘हाक का नाही मारलीस?’’ मी जवळजवळ ओरडलेच.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘दिवसभर राबतेस गं. आणि मी आयुष्यभर कधी कुणाला झोपेतून उठवलं नाही.’’

त्या रात्री मला कळलं, की घरातलं सगळं हलवलं, पण आईची ही सवय हलवायची राहून गेली होती. सकाळी मी देवघरातली घंटा तिच्या उशाशी ठेवली. ती संतापली. ‘‘देवाची घंटा संडासासाठी?’’ अखेर तडजोड झाली, स्टीलची वाटी आणि चमचा! त्या रात्री दोन वाजता वाटी वाजली, अगदी हळू, पण वाजली.

पुढचे सहा आठवडे सोपे नव्हते. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी दिली की पाय वाकवणं सुसह्य व्हायचं. गुडघ्याखाली उशी घ्यायला मनाई होती, बरं वाटलं तरी, कारण त्याने गुडघा वाकलेलाच राहू लागतो. तेल चोळून द्यायला निघालेल्या मावशींना मी हात जोडले. ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज नि दुखणं, छातीत दुखणं किंवा अचानक धाप यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं, हे फ्रिजवर लिहून लावलं. जिन्यासाठी फिजिओथेरपिस्टने सूत्र दिलं होतं : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आई ते पाढ्यासारखं म्हणायची.

तुमच्याही घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर पायपुसणी जरूर उचला. पण आधी त्या माणसाशेजारी बसा आणि सांगा, की मदत मागणं हेसुद्धा औषधच आहे, वेळेवर घ्यायला हवं.

गेल्या महिन्यात मला ताप आला होता. रात्री जाग आली, तर उशाशी वाटी-चमचा ठेवलेला. शेजारच्या खोलीतून आवाज आला, ‘‘लाजू नकोस हं. वाजव!’’