हौदातून नदीत

एप्रिल अर्धा सरला की न्यू जर्सीतल्या एडिसनहून पश्चिमेला जाणारा रूट ७८ डोळ्यांना सुखावतो. गोदामं मागे पडतात, शेतं लागतात आणि क्लिंटनला रॅरिटन नदीची दक्षिण शाखा भेटते. हीच रॅरिटन पुढे आमच्या एडिसनजवळून वाहत खाडीला मिळते. पण तिथल्या रुंद, गढूळ पाण्याकडे बघून वर डोंगरात ट्राउट असतील असं कुणाला वाटणार नाही.

आम्ही मात्र थेट नदीवर गेलो नाही. रूट ३१ धरून आधी ऑक्सफर्डजवळचं पेक्वेस्ट मत्स्यबीज केंद्र गाठलं. ज्या माशांसाठी गळ टाकायचा, ते कुठे वाढले हे बघितल्याशिवाय त्या खटाटोपात राम नाही, असं माझं मत आहे. लांबच लांब सिमेंटचे हौद आणि त्यांतून खळाळणारं भूगर्भातलं पाणी, बारा महिने साधारण १० अंश सेल्सियसचं. अंड्यापासून साडेदहा इंचांचा मासा व्हायला इथे सुमारे दीड वर्ष लागतं आणि दर वसंतात पाच लाखांवर मासे राज्यभरच्या नद्या-तळ्यांत सोडले जातात. पूर्वी त्यांत ब्राउन आणि ब्रूक ट्राउटही असत. २०१३मध्ये फ्युरन्क्युलॉसिस हा जिवाणूंचा रोग शिरला आणि त्यानंतर त्याला जास्त तग धरणारे रेनबो ट्राउटच वाढवायचे ठरले. न्यू जर्सीचा राज्य-मासा ब्रूक ट्राउट. सोडला जातो तो मात्र प्रशांत किनाऱ्याकडचा पाहुणा. मला याची हळहळ वाटते.

हौदाच्या कडेला वाकलो, तर माझी सावली पाण्यावर पडताच अख्खा थवा तिच्याकडे झेपावला. माणूस म्हणजे खाद्याच्या गोळ्या, एवढंच त्यांना ठाऊक.

तिथून मागे फिरून हाय ब्रिज गावाजवळच्या केन लॉकवुड घळीत उतरलो. नेवार्कच्या वर्तमानपत्रात मासेमारीवर आणि निसर्गरक्षणावर लिहिणाऱ्या लॉकवुड यांचं नाव या घळीला दिलं आहे. दोन्ही बाजूंना हेमलॉकची झाडं, पात्रात घराएवढे धोंडे आणि उंचावर जुन्या रेल्वेमार्गाचा पूल, ज्यावरून आता लोक चालतात, सायकली हाकतात. या पट्ट्यात कृत्रिम आमिषच वापरायचं आणि ट्राउट सोडून द्यायचा.

जिथे मासे सोडणारा ट्रक थांबतो, तिथल्या डोहावर गर्दी होती. मालवणचा माझा मित्र म्हणाला, “अरे, पुढे चल. इथले मासे अजून हौदातच आहेत.” त्याचं खरं होतं. नवे मासे काही दिवस सोडल्या जागीच घोळक्याने राहतात. मग हळूहळू पांगतात आणि धोंड्याआडचं संथ पाणी शोधतात. आम्ही प्रवाहाबरोबर बरंच खाली चालत गेलो.

मित्राने पाण्यातला एक दगड उलटला. दगडाला चिकटलेली मेफ्लाय या किड्याची पिल्लं दिसली: चपटी, तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले थरथरणारी. हीच निम्फ. ट्राउटचं बरंचसं पोट पाण्याखालच्या अशा किड्यांवर भरतं. फ्रँक सॉयर हे इंग्लंडातल्या एव्हन नदीचे राखणदार. त्यांनी तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू, एवढ्यावरच या किड्याची नक्कल बांधली. माझ्या दोऱ्याला तीच होती.

निम्फ वरच्या अंगाला टाकायची, तळाला जाऊ द्यायची आणि प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यायची. दोरा जरा ताणला गेला तरी ती खऱ्या किड्यासारखी वाहत नाही. नवा ट्राउट काहीही तोंडात घेऊन बघतो आणि तितक्याच झटपट थुंकतो. त्यामुळे हिसका क्वचितच बसतो. वाहता दोरा क्षणभर अडखळतो, एवढंच. त्या अडखळण्यालाच काठी उचलायची. माझा दोरा एका धोंड्यामागे थबकला, मी मनगट वर केलं आणि वजन जाणवलं.

जाळीत आलेल्या रेनबोच्या अंगावर गुलाबी पट्टा होता, पण छातीचे पर सिमेंटला घासून बोथट झालेले. ओल्या हातांनी धरून, तोंड प्रवाहाकडे करून त्याला सोडलं. तो सरळ धोंड्याखाली शिरला. पुढे सरकताना माझी सावली त्या पाण्यावर पडली, तेव्हा आणखी दोन मासे निसटून खोल पाण्यात गेले. सावलीला घाबरण्याइतकी नदी त्यांनी आत्मसात केली होती.

सोडलेल्या माशांना ‘आयते’ म्हणून नाक मुरडणारे मला पटत नाहीत. ट्रकजवळच्या डोहात ते आयते असतील. आठवडा-दोन आठवड्यांनी, अर्धा मैल खाली, मुळीच नाहीत. निम्फची मासेमारी शिकायला यांच्याइतका चांगला मासा नाही.

जाणार असाल आणि वय १६ ते ६९ असेल तर परवाना आणि ट्राउटचा वेगळा शिक्का घ्या. गळाचा उलटा काटा पक्कडीने चपटा करा. आणि उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटच्या वाटेला जाऊ नका. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडला तरी बरेचदा मरतो.