मळलेला पट्टा

प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच.ला आलो तेव्हा माझी समजूत पक्की होती की सर्जन घडतो तो ऑपरेशन थिएटरात, ओटीत. तीन वर्षांत जितके फ्लॅप हाताखालून जातील तेवढीच खरी कमाई. ड्रेसिंग, पट्टे, व्यायाम ही मागची आवराआवर. सकाळची ड्रेसिंग इंटर्नवर सोपवून मी ओटीकडे पळायचो आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नसे.

पहिल्याच वर्षी एक ताई दाखल झाल्या. स्टोव्ह भडकून गळा भाजलेला. जखम भरता भरता कातडी आखडत गेली आणि हनुवटी छातीला चिकटली. वर बघता येईना, तोंड मिटेना, जेवताना लाळ गळायची. पदर तोंडाशी धरूनच त्या बोलायच्या. सरांच्या देखरेखीखाली मी तो व्रण कापून मान मोकळी केली आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं, तर ग्राफ्ट पूर्ण धरलेला, गुलाबी. त्याच आनंदात घरी सोडताना मी म्हणालो, "ताई, सगळं छान झालं. आता काळजी नको."

धरलेला ग्राफ्टही पुढे कित्येक महिने आखडत राहतो. कातडी जितकी पातळ, तितकी ती आवळते. म्हणून सहा महिने तरी मानेला पट्टा, तेलाचं मालिश, मान मागे टाकायचे व्यायाम. हे मला तोंडपाठ होतं. ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमनी ताईंना पट्टा करून दिला, समजावलंही. पण त्यांच्या लक्षात राहिलं ते माझं वाक्य.

चार महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा हनुवटी पुन्हा खाली. पट्टा का काढला म्हणून मी चिडलो. उन्हात खुरपताना घामाने गळा सोलवटायचा, त्या म्हणाल्या. मग हळूच, "आणि तुम्हीच म्हणालात ना, सगळं छान झालं." त्यात तक्रार नव्हती. मला उत्तर सुचलं नाही.

कावसजीच्या नाकाची हकिगत आम्हां सगळ्या प्लास्टिक सर्जनांना ठाऊक असते: टिपूच्या सैन्याने नाक कापलेला बैलगाडीवाला, पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला दिलेलं नाक आणि १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापलेलं त्याचं वर्णन. मी ते नेहमी कपाळाच्या त्या वळवलेल्या कातडीच्या, म्हणजे फ्लॅपच्या, आखणीसाठी वाचलं होतं. ताई परत आल्यावर पुन्हा काढलं, तेव्हा उरलेला मजकूर दिसला. चार दिवस काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे तुकडे. कपाळाशी असलेला जोड तोडायचा तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. त्या माणसाचं काम कातडी शिवल्यावर संपलं नव्हतं. मी मात्र माझं संपवून मोकळा झालो होतो.

ताईंची मान आम्ही पुन्हा सोडवली. या वेळी पट्टा बांधायला त्यांच्या नवऱ्याला मी स्वतः शिकवलं, आतून सुती कापड लावायला सांगितलं आणि दर महिन्याला बोलावलं. आता ओपीडीत त्या आल्या की गळ्याच्या आधी मी पट्टा हातात घेऊन बघतो. कडा झिजलेल्या, आतलं कापड घामाने पिवळं पडलेलं असलं की जीव भांड्यात पडतो.