अब्बांच्या खोलीत माथेरान

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी सुमारे २० किलोमीटर चालते आणि तेवढ्या वाटेत साडेसातशे मीटरच्या वर चढते. आमच्या घरातली अब्बांची खोली १० फूट बाय ११ फूट आहे. ते २० किलोमीटर या खोलीत कसे बसवायचे, एवढाच प्रश्न घेऊन आम्ही दोघे आणि आमची दोन मुले गेल्या नोव्हेंबरात कल्याणहून कर्जत लोकलने निघालो. सोबत टेप, शिसपेन्सिल, चौकटीची वही आणि डबा. फिरायला जाणाऱ्या माणसांचे सामान हे नव्हे, असे शेजारीण म्हणाली, आणि ते खरेच होते.

अब्बा कल्याणच्या यार्डात पॉइंट्समन होते. आयुष्यभर त्यांनी सांधे बदलले आणि गाड्या आपापल्या रुळावर घातल्या. आता गुडघे आणि कंबर दोन्ही साथ देत नाहीत. पलंग, खुर्ची आणि वॉकर धरून न्हाणीघरापर्यंतची वाट, एवढीच त्यांची रोजची सफर. मुलांच्या मामांनी दुबईहून रेल्वेचा एक लहान संच आणला, तेव्हा मुलांनी तो अब्बांच्या खोलीतच जमिनीवर मांडला. गाडी गोल गोल फिरत राहिली. अब्बा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ही कुठे जाते? गाडीने कुठूनतरी निघावं, कुठेतरी पोचावं." मग कुठे जावे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. थोरल्याला बोरघाट हवा होता. अब्बा म्हणाले, माथेरान. लग्नानंतर अम्मींना घेऊन ते पहिल्यांदा तिथेच गेले होते. आता पुन्हा जाणे त्यांना शक्य नाही. अम्मीही राहिल्या नाहीत.

नेरळला मोठ्या गाडीतून उतरलो की छोट्या गाडीचे रूळ अगदी शेजारी दिसतात. दोन रुळांमधले अंतर २ फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. बाजूच्या ब्रॉडगेजचे १६७६. शेजारी शेजारी पाहिल्यावर हा फरक जसा कळतो तसा पुस्तकात कळत नाही. वाचकांपैकी कोणी जाणार असतील तर वेळेच्या बरेच आधी खिडकीपाशी जावे. जागा थोड्या आणि माणसे फार. धाकटीने फलाटाची लांबी डब्यांच्या हिशेबाने लिहून घेतली. अब्बांनी बजावून सांगितले होते, "रुळांवर उतरू नका. जे मोजायचं ते डबे मोजून मोजा."

गाडी सुटली आणि थोड्याच वेळात नेरळची घरे खाली राहिली. ही वाट कोणी काढली, हे मुलांना आम्ही गाडीतच सांगितले. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय हे बोहरा समाजातले मोठे व्यापारी. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांचे माथेरानला नेहमी जाणे होते. तिथे रेल्वे न्यायची असे त्यांनी १९००च्या सुमारास ठरवले, १९०४मध्ये काम सुरू झाले आणि १९०७मध्ये गाडी धावू लागली. वडिलांनी त्यासाठी १६ लाख रुपये दिले. त्या काळातले १६ लाख. सल्लागार अभियंते होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे ज्यांची, तेच. माथेरानला जाणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना पीरभॉय हे नाव ठाऊक असते? शाळेच्या सहलीत घोडे, माकडे आणि चिक्की यांची माहिती मिळते. बापाचा पैसा आणि मुलाची जिद्द यातून एका घराण्याने डोंगरावर रेल्वे नेली, हेही मुलांना सांगायला हवे.

या गाडीचा सर्वांत कठीण चढ २०ला १ आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. कर्जतहून लोणावळ्याला चढताना बोरघाटात तो ३७ला १ आहे आणि तिथेही मागून बँकर इंजिने लावावी लागतात, हे कल्याणच्या रेल्वेवाल्याच्या नातवंडांना सांगावे लागत नाही. मग इथे जवळपास दुप्पट उभा चढ कसा जमतो? गाडी लहान, डबे हलके, वेग तासाला २० किलोमीटरच्या आत. आणि रूळ अरुंद असल्यामुळे वळण आवळून घेता येते. डोंगर समोर उभा राहिला की रेल्वे त्याच्या अंगाला बिलगून जाते, घोड्याच्या नालेसारखे वळण घेते आणि आपलाच मागचा रूळ खाली दिसू लागतो. पहिले असे वळण आले तेव्हा मुले खिडकीला चिकटली. इंजिन आपल्याकडे तोंड करून येत आहे असे वाटते. वाफेच्या काळात इथे जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीची चार इंजिने होती. त्यांची पुढची आणि मागची चाके वळणावर थोडी आडवी सरकू शकत, म्हणून ती या नालांतून सुखरूप निघत.

जुम्मापट्टीला गाडी थांबली. अब्बांची सगळ्यात मोठी यादी या स्टेशनाची होती. जोडरूळ कुठून सुटतो, कुठे मिळतो, त्यात किती डबे मावतात. थोरल्याने भराभर आकृती काढली. आमच्यापैकी एकाला चहा हवा होता, त्याला कोणी जुमानले नाही. पुढे वॉटर पाइप स्टेशन आणि एक छोटासा बोगदा. बोगद्याला लोकांनी एक खट्याळ नाव दिले आहे, ते या मासिकात लिहायला नको. बोगदा इतका आखूड की मुलांनी ओरडायला तोंड उघडले तोवर पुन्हा उजेड आला.

वर जाता जाता डोंगराचा रंग बदलतो, हे आम्ही याआधी कधी नीट पाहिलेच नव्हते. खाली काळा कातळ, त्यात आडवे थर, थोडे वाळलेले गवत, सागाची झाडे. वर माथ्यावर जांभा दगड आणि तांबडी माती, त्यावर दाट सावली. अमन लॉजपासून माथेरानपर्यंतचा तुकडा जवळपास झाडांतूनच जातो. धाकटीने वहीत दोनच शब्द लिहिले, 'खाली काळे, वर लाल'. घरी आल्यावर हे दोन शब्द आमच्या सगळ्या मापांपेक्षा जास्त उपयोगी पडले. पावणेतीन तासांनी माथेरान स्टेशन आले. गावात मोटारी येत नाहीत, त्या दस्तुरीलाच थांबतात. पॉइंटवर जायला वेळ उरला नाही. आम्ही स्टेशनावरच डबा खाल्ला, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला कसे जोडले जाते ते पाहिले आणि परतीच्या गाडीला बसलो.

घरी आल्यावर हिशेब सुरू झाला, आणि पहिल्याच रात्री डोळे उघडले. मामांनी आणलेल्या संचाच्या रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर. जपानी आणि युरोपी बनावटीच्या एन गेजच्या गाड्यांचे हे माप, मूळ गाडीच्या साधारण १६०व्या भागाचे. पण आपल्याला हव्या आहेत दोन फुटी रुळांवरच्या गाड्या. ९ला ७६ने गुणले की ६८४ होतात, ६१०च्या जवळपास. म्हणून इंग्लंडातले हौशी लोक अरुंद रेल्वेसाठी हेच रूळ घेतात आणि घरे, माणसे, डबे ७६व्या भागाचे करतात. त्याहून बारीक, साडेसहा मिलिमीटरचे रूळही मिळतात, पण ते मुलांच्या हातांना नाजूक आणि अब्बांच्या डोळ्यांना बारीक. तेव्हा आमचे प्रमाण ७६ला १ ठरले. संचातल्या डब्यांची खालची चाके ठेवायची आणि वरचा सांगाडा पुठ्ठ्याचा, माथेरानच्या डब्यासारखा करायचा.

आता २० किलोमीटरला ७६ने भागा. २६३ मीटर! चढ १० मीटरचा. म्हणजे रूळ आमच्या इमारतीला कितीतरी वेढे घालून तिच्या गच्चीवर पोचतील. थोरला हिरमुसला. अब्बा मात्र हसले. "पीरभॉयसाहेबांनाही डोंगर मोठा आणि जागा थोडीच होती," असे म्हणून त्यांनी वही मागून घेतली आणि स्टेशनांच्या यादीवर काट मारायला सुरुवात केली.

खरी आखणी इथून झाली, आणि ती रुळांपासून नव्हे तर रिकाम्या जागेपासून झाली. पश्चिमेची भिंत मोकळी हवी, कारण अब्बांची नमाजची खुर्ची तिथे असते आणि शेजारी मुलांचे जानमाज अंथरले जाते. पलंगापासून दारापर्यंत वॉकरसाठी ७५ सेंटिमीटरची वाट हवी. दार आत उघडते, त्याचा घेर हवा. खिडकीखाली काही ठेवायचे नाही. पावसाची झड येते, उन्हाने प्लाय वाकतो. उरली पलंगासमोरची पूर्वेची भिंत, ८ फूट, आणि तिला लागून उत्तरेच्या भिंतीचे ४ फूट. एल आकाराचे दोन फळे. रुंदी ६० सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर मागच्या बाजूला घसरलेला डबा उचलायला हात पोचत नाही. जाणकार लोक अशी मांडणी छातीच्या उंचीवर करतात, म्हणजे रूळ डोळ्यांजवळ येतात. आमचा फळा ८५ सेंटिमीटरवर असेल. तक्क्याला टेकून बसलेल्या अब्बांची नजर तिथून थोडीच वर असते. पाहुण्यांना वाकून पाहावे लागेल, ते वाकतील. खाली रजयांच्या ट्रंका राहतील.

नालेच्या वळणाची त्रिज्या २२ सेंटिमीटर धरली. दुप्पट ४४, दोन्ही कडांना थोडी जागा, आणि ६० सेंटिमीटरात वळण बरोबर बसते. अशी वळणे वाटेत पुष्कळ आहेत, आमच्याकडे एकच असेल. गाडी नेरळहून निघेल, पुढच्या कडेने दीड मीटर चढेल, टोकाला वळेल, मागच्या कडेने उलट येत आणखी चढेल आणि उत्तरेच्या फळ्यावर माथेरानला पोचेल. चढ २५ला १ ठेवला. थोरल्याचा आग्रह खऱ्यासारख्या २०ला १चा होता, पण खेळण्यातले इंजिन वजनाने हलके, त्याची चाके जागच्या जागी फिरतात. वळणावर डबे जास्तच ओढून धरतात म्हणून तिथे चढ ४०ला १ एवढाच. मोठ्या रेल्वेतही वळणावर चढ कमी करतात, हे अब्बांनी सांगितले. सगळे मिळून साडेचौदा सेंटिमीटर. डोंगर म्हणून हे काहीच नाही. पण पलंगावरून पाहिले की खालचा रूळ आणि वरचा रूळ एकदम दिसतात, आणि या वाटेची ओळख तीच आहे.

वॉटर पाइप गेले. बोगदा ठेवला, मुलांनी हट्टच धरला. जुम्मापट्टी ठेवावी की माथेरानचे स्टेशन ऐसपैस करावे यावर बाप-लेकात तीन दिवस अबोला झाल्यासारखे होते. शेवटी जुम्मापट्टी वगळली, पण तिचा जोडरूळ अब्बांनी माथेरानला घालून घेतला. दोन्ही टोकांना जोडरूळ, म्हणजे एकूण चार सांधे. जोडरुळाच्या लांबीने गाडीची लांबी ठरते. इंजिन आणि तीन डबे, जास्त नाही. सांध्यांना विजेची मोटर लावायची नाही, असाही हुकूम झाला. चारही सांध्यांच्या तारा फळ्याखालून पलंगाच्या बाजूला आणायच्या, तिथे चार दांडे, आणि ते दांडे अब्बांच्या हातात. गाडी मुलांनी चालवायची, पण वाट अब्बा देतील तेव्हा.

वीज फक्त १२ व्होल्टची, घाबरण्यासारखी नाही. गोल फिरून त्याच रुळावर उलटे येण्याची आखणी केली तर दोन रुळांतली वीज एकमेकांना भिडते, त्यासाठी वेगळी सोय लागते. आमची गाडी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी, म्हणून तो त्रास नाही. त्रास आहे तो कल्याणच्या धुळीचा आणि दमट हवेचा. रूळ दर आठवड्याला पुसावे लागतील. वरच्या भागासाठी तांबडी माती गावाहून, रत्नागिरीकडून, मागवली आहे. जांभ्याची तीच जात. ती चाळून, वरून लोहचुंबक फिरवूनच वापरायची, कारण मातीतले लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटरमध्ये शिरले तर मोटर जाते.

सध्या पूर्वेच्या भिंतीपाशी जमिनीवर खडूने सगळा नकाशा आखला आहे. वळणाच्या जागी सुतळी आहे. झाडू मारताना ती हलते आणि रोज पुन्हा लावावी लागते. सुताराने प्लायला पंधरा दिवस सांगितले आहेत. अब्बांनी काल नेरळचा फलाट चार बोटे डावीकडे सरकवला आणि दांड्यांसाठी वॉकरजवळचीच जागा पक्की केली.