उलटा हत्ती आणि इतर टिपणं

नाशिकच्या द्वारकेला शिबिर ठेवायचं खरं कारण एसटी. मालेगाव-चांदवडचा माणूस आग्रा रोडनं येतो, सिन्नर-संगमनेरचा पुणे रोडनं, आणि दोघंही इथेच उतरतात. त्रासही त्याचाच. उड्डाणपूल झाल्यापासून लांबची वाहनं डोक्यावरून निघून जातात, पण खाली जे उरतं तेही काही कमी नाही. खिडक्या लावल्या तर उकडतं, उघडल्या तर 'खेळाच्या जागी शांतता' हा नियम ओरडून शिकवावा लागतो.

*

हॉलच्या मॅनेजरनं पावतीपुस्तक उघडलं. "पंचांचं शिबिर म्हणजे? तंटामुक्तीचं का?"

नाही, खेळांचं. बुद्धिबळ मुख्य, थोडं कॅरम, एक तास पत्ते. पत्ते म्हटल्याबरोबर पेन थांबलं. महाराष्ट्रात जुगाराचा कायदा 1887 चा आहे आणि पत्ते म्हणजे जुगार ही समजूत त्याहून जुनी. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालय 1960 च्या दशकातच म्हणालं. ब्रिजमध्ये तर आशियाई स्पर्धेत 2018 साली भारतानं सुवर्ण मिळवलं. हे सगळं सांगितलं. मॅनेजरनं पावतीवर 'बुद्धिबळ इ.' असं लिहिलं. पत्ते 'इ.' मध्ये गेले.

*

पत्त्यांचा तास भाच्याच्या आग्रहानं. भाचा पुण्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळतो. रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या माणसानं काढलेला, 1993 साली बाजारात आलेला खेळ. पत्ते विकत घ्यायचे, अदलाबदल करून जमवायचे, स्वतःचा जोड स्वतः बांधायचा आणि तो घेऊन स्पर्धेला जायचं. समोरच्याच्या जोडात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. नियमपुस्तक तीनशे पानांच्या आसपास. तरी पहिल्याच पानांवर लिहून ठेवलंय की पत्त्यावरचा मजकूर आणि पुस्तक यांत विरोध आला तर पत्ता खरा. आणि एक पत्ता 'करता येतं' म्हणत असेल, दुसरा 'करता येत नाही', तर 'नाही' जिंकतं.

मला हे फार आवडलं. आमच्या सोसायटीच्या उपविधीत हे कलम घातलं तर निम्म्या सभा लवकर संपतील.

*

त्या खेळाच्या पंचांच्या विभागीय परिषदा भरतात. भाच्यानं सांगितलेलं वर्णन असं: दिवसभराचा कार्यक्रम, शिकवणारे बहुतेक पंचच, वरच्या श्रेणीचे खालच्यांना. सकाळी व्याख्यानं, दुपारी लुटुपुटीचे प्रसंग, ज्यांना श्रेणी वाढवायची त्यांची परीक्षा. बरीच वर्षं हा कारभार खेळ काढणाऱ्या कंपनीच्या छत्राखाली होता. 2019 मध्ये कंपनीनं अंग काढून घेतलं, वेगळी संस्था उभी राहिली, चार वर्षांत तीही मिटली, आणि आता देशोदेशी ज्याचं त्यानं चालवलंय. पंचांना कामाबद्दल चकचकीत छापाचे खास पत्ते मिळत. अमेरिकेत 2016 च्या सुमारास काही पंच कोर्टात गेले: आम्ही स्वयंसेवक नव्हे, नोकर, पगार द्या.

आमच्याकडे पाकीट मिळतं. ते तिथेच उघडून बघायचं नसतं. कोर्टात जाण्याइतकं त्यात काही नसतं, हाही एक बचावच.

*

लुटुपुटीचा प्रसंग आम्हीही करून पाहिला. दोघं पटावर बसतात, तिसरा पंच. खेळणाऱ्यांच्या हातात आधीच एकेक चिठ्ठी: तू खरं सांगायचं, तू निम्मं. पांढऱ्यानं आधी हत्तीला हात लावला, मग राजाला; त्याला किल्लेबंदी करायची आहे. (नियम: हत्तीला आधी हात लागला तर त्या हत्तीबरोबर त्या खेळीत किल्लेबंदी नाही.) काळा हात वर करतो.

सिन्नरकडचे एक सर पंच झाले होते. शाळेत खेळशिक्षक, आवाज खणखणीत. टेबलाशी आले आणि पहिलाच प्रश्न: "कोणाची चूक?"

शिकवणाऱ्या मॅडमनी टेबलावर टिचकी मारली. परत या.

दुसऱ्या खेपेला सर आले ते थेट "हत्तीला हात लावला होता का?" पुन्हा टिचकी. उत्तर प्रश्नातच देऊन टाकलं. आता खेळाडूला फक्त 'नाही' म्हणायचं उरलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी आधी घड्याळ थांबवलं. मग दोघांचे राहिलेले वेळ कागदावर टिपले. बोलावणाऱ्याला विचारलं, "काय झालं?" समोरचा मध्येच बोलायला लागला, त्याला तळहात दाखवला: तुमचंही ऐकतो. मग त्याला विचारलं, तेच शब्द, त्याच आवाजात. निम्मं सांगणाऱ्यानं निम्मं सांगितलं आणि 'हत्ती' हा शब्द टाळण्याच्या नादात तीन वाक्यं वाकडी केली. सगळ्यांना कळलं. कलम मात्र अजून कोणीच उच्चारलं नव्हतं.

परीक्षेत हे विचारता येत नाही. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या पंचपरीक्षेला 80 टक्के लागतात, आणि ते पाठांतरावरही पडतात.

*

उलटा हत्ती. आपल्याकडे दुसरा वजीर हवा असला की पिढ्यान्‌पिढ्या मेलेला हत्ती उलटा ठेवतात. घराघरांत, कट्ट्यावर, शाळेच्या स्पर्धेतही. नियमाप्रमाणे उलटा हत्ती हा हत्तीच.

2017 सालची कॅनडाची अजिंक्यपद स्पर्धा, माँट्रियल. बातोर साम्बुएव आणि निकोलाय नोरित्सिन यांच्यात बरोबरी, म्हणून विजेता ठरवायला झटपट डाव. नोरित्सिनचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. घड्याळात सेकंद उरलेले. बाजूला वजीर दिसेना, म्हणून त्यानं हत्ती उचलला, उलटा ठेवला, 'वजीर' म्हणाला. पंचांनी डाव थांबवून सांगितलं, हा हत्ती आहे. डाव गेला, विजेतेपदही गेलं. नंतर चित्रफितीत दिसलं की मारलेला वजीर साम्बुएवच्या मुठीत होता.

यावर चहाच्या सुटीत अर्धा तास. मालेगावकडचे एक भाऊ म्हणाले, पंच चुकलेच. निफाडच्या ताई म्हणाल्या, कलमानं बरोबर. मी ताईंच्या बाजूनं, पण थोडा अवघडून. मोहरं मिळत नसेल तर खेळाडूला घड्याळ थांबवून पंचाला बोलावण्याचा हक्क आहे; नोरित्सिननं तो वापरला नाही. मात्र समोरच्यानं मेलेली मोहरी मुठीत धरून बसू नये, ती दिसतील अशी ठेवावीत, हे बघणारं कोण? शेवटच्या पाच मिनिटांत टेबलाशी उभा असलेला पंच. त्याची नजर पटावर होती, मुठीवर नव्हती.

मॅडमचं उत्तर सगळ्यांत साधं. डाव सुरू व्हायच्या आधी प्रत्येक टेबलावर दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर ठेवा. जादा वजिरांची किंमत किती? स्पर्धेच्या एका बॅनरइतकीही नाही.

*

भाच्याच्या तासातला एक प्रसंग. खेळाडूनं एक पान ओढायच्या ऐवजी दोन ओढली आणि ती हातातल्या पानांत मिसळली. आता कोणतं जादा, ते त्यालाही सांगता येत नाही. पूर्वी अशा वेळी डावच गमवावा लागे. नंतर तोडगा बदलला: हात उघडा करायचा, आणि कोणतं पान काढून घ्यायचं ते समोरच्यानं ठरवायचं. वर ताकीद.

कॅरमवाले खूश. त्यांच्याकडे हे आधीपासून आहेच: फाऊल झाला की सोंगटी परत बोर्डावर, ड्यू चुकता करायचा, खेळ पुढे. माणसाला घरी पाठवत नाहीत.

ब्रिजची नियमावली तर प्रस्तावनेतच सांगते की हे नियम मुख्यतः शिक्षेसाठी नाहीत, ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून काढण्यासाठी आहेत. मेंढीकोट खेळताना कोणी रंग असून हुकूम मारला तर आमच्या वाड्यात पानं भिरकावली जात. ब्रिजमध्ये डायरेक्टर येतो, परिस्थिती पाहून एक किंवा दोन हात त्या बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला देतो. तेवढ्यानं नुकसान भरून निघत नसेल तर गुण बदलतो. आणि आपसांत मिटवायला बंदी आहे. गडबड लक्षात आणून दिली गेली की डायरेक्टरला बोलावलंच पाहिजे. म्हणून तिथे बोलावणं हा कोणाला अपमान वाटत नाही. आपल्याकडे मुलानं पंचाला बोलावलं की समोरचा पालक म्हणतो, "तक्रार करतोय!"

*

पालक. यावर वेगळं शिबिर घ्यायला हवं.

सात वर्षांखालच्या गटात दोन मुलं टेबलावरून उठतात, दोघंही म्हणतात 'मी जिंकलो'. पट तोवर आवरलेला. म्हणून पंचानं डाव संपताना तिथे असावं, आणि निकालाच्या कागदावर दोघांची सही घेऊनच मोहरी लावू द्यावीत. सही झाली की, मात खरं तर मात नव्हती असं दहा मिनिटांनी बाबांनी सिद्ध केलं, तरी एरवी निकाल बदलत नाही. बाबांना हे पटत नाही. बाबांनी फोनमधल्या इंजिनवर तपासलेलं असतं.

"माझ्या मुलाला परत काळीच का?" याला उत्तर: जोड्या संगणक लावतो, तोही महासंघाच्या नियमानं, गुण आधी, रंग नंतर, सलग तीनदा एकच रंग सहसा येत नाही, शेवटच्या फेरीत येऊ शकतो. हे छापून भिंतीवर लावावं. वाचणार कोणी नाही, पण बोट दाखवता येतं.

बुद्धिबळपटू विदित गुजराथी याच गावचा, 2023 ची ग्रँड स्विस जिंकलेला. तेव्हापासून प्रत्येक पालकाला वाटतं, आपल्या घरातही एक आहे आणि पंच त्याच्या वाटेत उभा आहे.

*

फोन. 2003, प्लोव्दिव, युरोपची सांघिक स्पर्धा. त्या वेळी महासंघाचा जगज्जेता असलेल्या पोनोमारिओव्हचा फोन वाजला, डाव गेला. कोणाचीही गय नाही, हे शिकवायला उत्तम उदाहरण.

जीन्स. डिसेंबर 2024, न्यूयॉर्कची जागतिक स्पर्धा. मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला म्हणून त्याला 200 डॉलर दंड, पँट बदल म्हटलं तर तो म्हणाला उद्या, म्हणून पुढच्या फेरीत जोडी नाही. तो स्पर्धा सोडून गेला. महासंघानं पोशाखाचा नियम सैल केला आणि तो दोन दिवसांत परत आला. हे कशाचं उदाहरण, यावर शिबिरात एकमत झालं नाही. माझं मत: मुख्य पंचांनी नियमच चालवला, तो नियम भिकार होता, आणि भिकार नियम बदलायचा अधिकार टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला नसतो. वरच्यांनी बदलला, पण पंचाला तोंडघशी पाडून.

*

कबड्डीचे एक जुने पंच पाहुणे म्हणून आले होते. सगळं ऐकून हसले. "तुम्ही घड्याळ थांबवता, वेळ टिपता, दोघांचं ऐकता. आमच्याकडे तीस सेकंदांची चढाई. लॉबीत पाय पडला की नाही ते त्याच क्षणी शिट्टीनं सांगायचं. मागे पाचशे माणसं, त्यातली चारशे गावचीच."

मग काय करता?

"शिट्टी जोरात वाजवायची. हळू वाजली की समोरच्याला कळतं, याला खात्री नाही."

पत्त्यांवाल्यांना हे अजिबात पटलं नाही. मला मैदानापुरतं पटलं.

*

खालच्यांनी अडवलं आणि वरच्यानं सोडवलं, याचं चांगलं उदाहरणही आहे, आणि ते मराठी आहे. रोहिणी खाडिलकर 1976 साली पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत खेळल्या. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, त्या जिंकल्या. महासंघाचे अध्यक्ष माक्स ऑयवे, स्वतः माजी जगज्जेते, यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाईला ती बाई आहे म्हणून वगळता येणार नाही. निफाडच्या ताईंनी हे वहीत लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं.

*

शेवटच्या तासाला मी सावंतवाडीचा गंजिफा काढला. गोल पानं, लाखेचं रोगण. दशावतारी जोड म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा, एकूण 120 पानं. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाच्या खाली दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा. आणि डाव कोणी उघडायचा ते वेळेवर: दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्यानं.

प्रश्न टाकला: तिन्हीसांजेला पानं वाटली. राम की कृष्ण? पंच तुम्ही.

मालेगावचे भाऊ: दिवा लागला की रात्र. निफाडच्या ताई: पंचांगात सूर्यास्त दिलेला असतो, त्याप्रमाणे. सिन्नरचे सर उठून खिडकीशी गेले, बाहेर बघून म्हणाले, इथे तर दिवसाही दिवे चालूच असतात. कबड्डीवाले म्हणाले, शिट्टी वाजवा.

भाच्यानं विचारलं, "मामा, पानं वाटली तेव्हाची वेळ धरायची, की पहिलं पान टाकलं तेव्हाची?" मग कोणीच उत्तर दिलं नाही. मॅडमनी फळ्यावर 'वाटप' आणि 'पहिलं पान' असे दोन रकाने पाडले आणि हात वर करायला सांगितले. मतं मोजून होईपर्यंत संगमनेरच्या गाडीची वेळ झाली. त्या बाजूची मंडळी पिशव्या उचलत होती, तरी दारातून ओरडून 'वाटप' म्हणून गेली.