अंगठा देण्यापूर्वी

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा मंडळाच्या चिटणिसांचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी नकारच देणार होतो. मी पडलो दुकानदार. लेखणीशी माझा संबंध हिशेबापुरता. परंतु चिटणीस म्हणाले, "तुमच्या दुकानावर जे ओढवले तेच लिहा. चारजणांच्या उपयोगी पडेल." स्वतःची फजिती स्वतःच छापून आणण्यास थोडे धैर्य लागते. ते गोळा करून लिहीत आहे.

वाक्वा येथे आमचे लहानसे दुकान आहे. पूजेचे साहित्य, मसाले, आणि चतुर्थीच्या दिवसांत माझ्या आईच्या व पत्नीच्या हातचे मोदक आणि करंज्या, एवढाच आमचा पसारा. आजोबांच्या काळी जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडची शिफारस, आणि विश्वास म्हणजे 'कार्ने', अर्थात उधारीची वही. २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे बेटावर टाळेबंदी झाली आणि दुकानाचे दार बंद झाले. तेव्हा मुलीने समाजमाध्यमावर दुकानाचे एक पान उघडून दिले. मी मनातून साशंक होतो. तथापि त्या पानानेच आम्हांला तारले, हे मान्य केले पाहिजे.

आरंभी मी पुष्कळ चुका केल्या. कोठून तरी घेतलेली चकचकीत चित्रे लावली. पैसे भरून जाहिरात दिली, ती थेट जगभर! परदेशांतून शेकडो पसंत्या आल्या, मागणी मात्र एकही नाही. मग मुलीने शिकविले की, जाहिरात वाक्वा, कात्र बोर्न आणि कास्कावेल एवढ्याच परिसरात दाखवावी. छायाचित्र आपल्याच परातीतल्या मोदकांचे असावे. किंमत आणि माल घरपोच होण्याचा दिवस स्पष्ट लिहावा. आणि कोणी तक्रार केली तर ती पुसून न टाकता सर्वांसमक्ष उत्तर द्यावे. दोन वर्षांत धंदा दुपटीने वाढला. कदाचित त्यामुळेच मी बेसावध झालो.

२०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. तिच्या दहा दिवस आधी, ऐन गर्दीच्या संध्याकाळी, माझ्या फोनवर एक संदेश आला. भाषा निर्दोष फ्रेंच, वर कंपनीचे चिन्ह. 'आपल्या पानाविरुद्ध तक्रार आहे. चोवीस तासांत खुलासा न केल्यास पान कायमचे बंद होईल.' माझ्या छातीत धस्स झाले. खाली दिलेल्या दुव्यावर बोट ठेवले. ओळखीचे दिसणारे पान उघडले. मी परवलीचा शब्द लिहिला. लगेच फोनवर सहा अंकी संकेतांक आला. तोही मागितला होता, म्हणून तोही लिहिला. एवढे करून मी समोरच्या गिऱ्हाइकाला कापूर बांधून दिला.

रात्री पान उघडेना. चोरांनी माझा पत्ता व क्रमांक काढून आपला घातला होता. सकाळपर्यंत त्यांनी आमच्याच नावाने गिऱ्हाइकांना निरोप धाडले होते: 'यंदा मागणी फार आहे, आगाऊ रक्कम या खात्यावर भरा.' सातजणांनी रक्कम भरली. त्यांत एक वृद्ध आजी होत्या. निवृत्तिवेतनातून त्यांनी १३०० रुपये पाठविले होते. त्या दुकानात आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "तुझ्या आजोबांचे नाव पाहिले, म्हणून दिले रे." त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. तेथे मी माझ्या खापरपणजोबांची नोंद पाहिलेली आहे: नाव, वडिलांचे नाव, गाव, रत्नागिरी जिल्हा, उंची आणि एक क्रमांक. घरी सांगत असत की, वाचता न येणाऱ्या कागदावर त्यांनी अंगठा दिला होता. दगड उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून दलालांनी माणसे जहाजावर चढविली, ही कथा आपणां सर्वांच्या घरी आहे. विचार केला तर तीही एक जाहिरातच होती! खापरपणजोबांना अक्षरओळख नव्हती. फसले तर त्यांचा दोष नाही. मला तीन भाषा वाचता येतात, आणि तरीही न वाचता मी अंगठा दिला. पत्त्यातले एक अक्षर वेगळे होते. वाचले असते तर दिसले असते.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत आणि मौकोर्स या सरकारी तक्रारव्यवस्थेत नोंद केली. परंतु दुकान वाचविले ते आईच्या वहीने. आजोबांची सवय म्हणून ती आजही प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक हाताने लिहून ठेवते. त्या वहीतून आम्ही एकेकाला फोन केला, दारावर सूचना लावली, आणि सातही जणांची रक्कम आमच्या गल्ल्यातून परत केली. जुने पान मिळाले नाहीच, नवे उघडले. समाजमाध्यमावरचे पान ही भाड्याची जागा आहे. गिऱ्हाइकांची वही हीच आपली मालकीची जमीन, हे तेव्हा उमगले. अर्थात ती वही जपणे हेही कर्तव्यच. २०१७ च्या माहितीसंरक्षण कायद्याप्रमाणे आपण जरूर तेवढीच माहिती घ्यावी आणि ती सुरक्षित ठेवावी.

आता आमच्या घरी काही नियम कटाक्षाने पाळले जातात. प्रत्येक खात्याचा परवलीचा शब्द निराळा व लांबलचक. दुहेरी पडताळणी सदैव चालू. फोनवर आलेला संकेतांक कोणालाही सांगायचा नाही, मग मागणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवो की पोलीस. दुव्यावरून खात्यात जायचे नाही. पत्ता स्वतः लिहून जायचे. पानाचा कारभार दोन विश्वासू माणसांकडे, म्हणजे एकाचे दार बंद झाले तर दुसऱ्याचे उघडे राहते. एखादा घाऊक व्यापारी 'आमचे खाते बदलले' असे लिहून कळवू लागला, तर आपल्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करून त्याचा आवाज ऐकायचा. पैसे भरल्याचे छायाचित्र ही पावती नव्हे. आपल्या खात्यात रक्कम दिसली तरच माल द्यायचा. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, कोणी घाई केली की हात आवरायचा. चोराजवळ आपल्या भीतीखेरीज दुसरे शस्त्र बहुधा नसते.

मागल्या चतुर्थीला त्या आजी पुन्हा आल्या. एकवीस मोदकांची मागणी त्यांनी नव्या पानावरूनच नोंदविली होती. तरीही पैसे मात्र त्यांनी रोख आणले होते. ते मोजून माझ्या हातावर ठेवीत त्या म्हणाल्या, "यंदा मी आधी तुझ्या आईला फोन करून विचारले हो!"

मला हसू आले, आणि थोडी लाजही वाटली. आम्ही गमावलेला विश्वास पुरता परत आला की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु आजी विचारून खात्री करून घेऊ लागल्या, हे मला अधिक मोलाचे वाटते. आपल्या पूर्वजांना विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे. बंधुभगिनींनो, अंगठा देण्यापूर्वी तिचा उपयोग करू या.