अभ्यासापुरता लॅपटॉप

मुलीची बारावी झाली आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घ्यायचा होता. माझा हिशोब सरळ होता : ३५ हजारांपर्यंत अभ्यासापुरता एक लॅपटॉप घ्यायचा. धाकट्याला गेमिंगचा हवा होता, त्याचं दहावीनंतर बघू.

मुलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अम्मी, अभ्यासापुरता म्हणजे किती?"

मला उत्तर सुचेना. गेली दोन वर्षं ती मोबाईलवर व्हिडिओ एडिट करते. मराठी शाळेतल्या मुलांसाठी मी उर्दू हरफांचे छोटे धडे करते. 'बे' शब्दाच्या सुरुवातीला कसा दिसतो, मध्ये कसा, शेवटी कसा, असे. त्यांचं एडिटिंग तीच करते. तिच्या मोबाईलमधल्या ॲपमध्ये उर्दू नस्खमध्ये उमटते आणि बालभारतीच्या पुस्तकात असते नस्तालीक. मुलं गोंधळतात. म्हणून ती एकेक शब्द कागदावर माझ्याकडून लिहून घेते, फोटो काढते आणि व्हिडिओत चिकटवते. तिच्या या कामाला मी फावल्या वेळातलं समजत होते. धाकट्याचा खेळ मात्र घरात 'मागणी' म्हणून चर्चेला होता!

मला माझे अब्बा आठवले. "डी.एड. पुरे, बी.एड. कशाला?" असं ते म्हणाले होते. तेव्हा 'पुरे' हा शब्द मला किती लागला होता. आता मीच तो वापरत होते.

मग आम्ही तिघं मिरजेहून सांगलीला दुकानात गेलो. प्रश्न मुलगी विचारत होती, मी वहीत लिहीत होते. पहिली गोष्ट कळली ती अशी की गेमिंग आणि एडिटिंग दोन्हींना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. पण कार्डाचं नाव सारखं असलं म्हणून कामही सारखं होत नाही. आरटीएक्स ३०५० हेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर चालतं, दुसऱ्यात जास्त. कमी वॅटचं हळू पडतं आणि खोक्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं. रॅम ८ जीबी असेल तर एडिटिंगला अपुरी पडते, १६ हवी. आज ८ वर भागवायचं असेल तर रॅम वाढवायला जागा आहे का, ते आधी विचारायचं. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते.

पडद्यापाशी भाऊ-बहिणीची वाट वेगळी झाली. धाकट्याला १४४ हर्ट्झ हवं होतं. मुलीला रंग हवे होते. स्वस्त गेमिंग लॅपटॉपवर बऱ्याचदा '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. त्यावर शालूचा लाल विटकरी दिसतो. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण १०० टक्के एसआरजीबी, एडिटिंगला तेवढं हवं. दोन्ही असलेला एक सापडला. पण वजन सव्वादोन किलो, चार्जर वेगळा, आणि बॅटरी दिवसभराच्या तासांना पुरणार नाही. मुलगी म्हणाली, "बसमधून मी नेईन. वर्गात वही चालेल."

किंमत ६८ हजार. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नो कॉस्ट ईएमआय करा, व्याज नाही." मी नीट विचारलं. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत मिळते आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपण भरतो. इतर कुणी काय करावं हे मी सांगणार नाही. माझं मन सूद लिहिलेल्या कागदावर सही करायला तयार होईना. हात हलवत परतलो.

आमच्या स्टाफरूममध्ये १२ जणींची भिशी आहे, महिना ५ हजारांची. माझा नंबर आठवा होता. त्या महिन्याचा नंबर असलेल्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी घ्या, मला दिवाळीनंतर चालेल." ६० हजार तिथून, ८ हजार साठवणीतले.

लॅपटॉप आला. मुलीनं दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती टाकली, जमील नूरी नस्तालीक फॉन्ट टाकला आणि 'बे'चा धडा पुन्हा केला. माझा हात न लागता पडद्यावर 'बाबा' शब्द पुस्तकातल्यासारखा उमटला. धाकटा रात्री जेवणानंतर तासभर खेळतो. बहिणीचं एडिटिंग चालू असेल तर थांबतो, कुरकुरत का होईना.

कोणता लॅपटॉप घ्यावा, असं आता पालक मला विचारतात. मी म्हणते, आधी घरात कोण काय करतं याची यादी करा. आणि मुलीचं काम लिहायचं राहिलं नाही ना, ते एकदा तिलाच विचारा.