साडेसहानंतरचं कुक्करहळ्ळी

म्हैसूरला गेलेलं मराठी कुटुंब राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन गार्डन पाहतं, म्हैसूरपाक आणि रेशमी साडी घेतं नि उटीची वाट धरतं. कुक्करहळ्ळी तलाव सहलीच्या यादीत क्वचितच असतो. म्हैसूरकरांचा जीव मात्र त्यात गुंतलेला आहे. तिसरे कृष्णराज वडियार यांनी १८६४ मध्ये शेतीच्या पाण्यासाठी तो बांधवून घेतला. आता तो म्हैसूर विद्यापीठाच्या ताब्यात आहे. कवी कुवेंपू इथं फिरायला येत, लेखक आर. के. नारायणही.

सकाळी तलावाभोवतीच्या पायवाटेवर बायकांची लगबग असते. साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या आजीबाई, घाईनं फेरी संपवणाऱ्या नोकरदार बायका, वही घेऊन बसलेल्या विद्यार्थिनी. पण ऊन उतरलं की तीच वाट वेगळी भासू लागते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाट झाडी. सकाळी जी झाडी सावली देते, तीच संध्याकाळी नको वाटते.

ऑगस्ट २०२१ मध्ये चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी एका विद्यार्थिनीवर सामूहिक बलात्कार झाला. सारं शहर हादरलं. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री म्हणाले की, तिनं आणि तिच्या मित्रानं अशा निर्जन जागी जायलाच नको होतं. पुढं त्यांना ते शब्द मागं घ्यावे लागले. पाठोपाठ विद्यापीठानं फर्मान काढलं : विद्यार्थिनींनी संध्याकाळी साडेसहानंतर मानसगंगोत्री परिसरात एकटीनं फिरू नये, कुक्करहळ्ळीच्या काठी जाऊन बसू नये. मुलांना असं बंधन नव्हतं! ऑगस्टअखेर साडेसहाला म्हैसूरमध्ये धड अंधारही पडत नाही. टीकेची झोड उठली आणि काही दिवसांतच ते परिपत्रक मागं घेतलं गेलं.

विद्यापीठाला काळजी नव्हती, असं नाही. संध्याकाळच्या गस्तीचा विचारही तेव्हा झाला होता आणि तो योग्यच होता. पण बायकांना घरी पाठवलं की बाग आणखी ओस पडते आणि जी एखादी मागं राहते, ती जास्तच एकटी पडते. बागेला माणसांचीच राखण असते, हे जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनं १९६१ मध्येच लिहून ठेवलं होतं. शेंगदाणेवाला, फुलवाली, बाकावर गप्पा मारणारे आजोबा हेही एक प्रकारचे पहारेकरीच. कृष्णराजसागर रस्त्यावरच्या चेलुवांबा उद्यानाला वस्तीचा आणि रहदारीचा शेजार आहे. कुक्करहळ्ळीच्या लांबलचक काठाला तो सगळीकडं नाही. म्हणून तिथं पायवाटेवर दिवे, नजर पोहोचेल इतकी छाटलेली झुडपं, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह आणि गस्तीवर महिला रक्षक हवेत. या काही फार खर्चाच्या गोष्टी नाहीत.

म्हैसूरला मुक्काम असेल तर एक पहाट इथं जरूर घालवावी. पेलिकन पक्षी दिसतात, हवाही सुखद असते. सूर्यास्त पाहायचा असेल तर मुलीबाळींना हॉटेलवर ठेवून जाऊ नये, सगळ्यांनी मिळून जावं. तेवढीच काठावर चार माणसं जास्त.